गॅसवरची कोंबडी

आमच्याकडे कोंबडी बायका करत नाहीत. हे मी पुण्यात कुणाला सांगितलं की समोरची बाई आधी 'नशीबवान आहेस गं' म्हणते आणि मग विचारते, म्हणजे तुझा नवरा करतो का? नवरा करत नाही. नवरा चहा करतो आणि त्याचं श्रेय दिवसभर घेतो. 'आमच्याकडे' म्हणजे माझ्या माहेरी, वर्धेकडच्या एका गावात. तिथे कोंबडी हे पुरुषांचं काम, आणि तेही घराबाहेर, अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर. आत देव्हारा, त्यामुळे स्वयंपाकघरात तिचा वाससुद्धा येता कामा नये. आईने आणि मी मसाला वाटून द्यायचा आणि भाकरी थापायच्या. वाटलेला गोळा ताटलीत घालून उंबऱ्यावर ठेवायचा, बाबा तो उचलणार. तिथून पुढे आमचा संबंध संपला.

बाबा जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. कापसाच्या गाड्या मोजण्यात जन्म गेला आणि बोलणंही मोजूनमापूनच. पण चुलीपुढे बसले की हा माणूस वेगळाच व्हायचा. लाकूड असं नको तसं सरकव, झाकणावर पाणी ठेव, तिकडे कोण दार उघडं टाकून गेलं, अशी त्यांची सरबत्ती चाले. मी पुण्याला शिकायला आले, इथेच नोकरी धरली, लग्नही इथल्याच मुलाशी केलं. त्यानंतर जेव्हा जेव्हा माहेरी गेले तेव्हा एसटीतून उतरून घरी पोचेपर्यंत चूल पेटलेली असायची. 'कशी आहेस' असं बाबांनी मला कधी विचारल्याचं आठवत नाही. लाल तर्री वर आली की रश्शाची पहिली वाटी माझ्या हातात यायची, आणि मी ती पिऊन काय म्हणते ते ऐकायला ते माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे. मी 'मस्त' म्हटलं की ते आईला आत ओरडून सांगायचे, वाढायला घे. माझी खुशाली त्यांना बहुतेक एवढ्यातच कळत असावी.

मग आई गेली. आजारी पडली, बरी होतेय असं वाटलं आणि गेली. दिवसकार्य झाल्यावर बाबांना त्या घरात एकटं ठेवून यायची माझी हिंमत झाली नाही. थोडे दिवस चला म्हणून मी त्यांना पुण्याला, हडपसरच्या पुढे मांजरी गावात आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. थोडे दिवस हे फक्त म्हणायला. माझ्या मनात ते कायमचेच आले होते. त्यांच्यासाठी मी मागची खोली रिकामी केली, उशाला दिवा लावला, तंबाखूची डबी ठेवायला खिडकीत फळीसुद्धा ठोकून घेतली.

बाबांनी तक्रार म्हणून केली नाही. सकाळी नवरा हिंजवडीच्या कंपनीच्या बसला जायचा, मी हडपसरला शाळेत. दुपारपर्यंत बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले असायचे. समोर थोडा ऊस उरलेला आहे आणि त्याच्या उरावर नवीन इमारती चढतायत. उसाच्या ट्रॉल्या जाताना ते मान वळवून बघायचे आणि उगीच वजनाचा अंदाज सांगायचे. मी शाळेतून आले की गरम करून वाढायची. अर्धी पोळी, चमचाभर भात. 'बस' म्हणून हात आडवा. मी म्हणायची, बाबा, अजून एक घ्या. ते म्हणायचे, तू बस जेवाले. मी म्हणायची, मी नंतर. हे रोजचंच झालं होतं.

मी सगळे प्रयोग करून बघितले. पिठलं, पातोड्या, झुणका, गोळाभात. हडपसरहून जवसाची चटणी आणली. एका रविवारी मोबाइलवरून चिकन मागवलं, पुण्यातलं नावाजलेलं. डबा उघडल्यावर बाबांनी त्यातल्या साईच्या रेघोट्यांकडे बघितलं, एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. मग म्हणाले, 'गोड हाये.' त्या दिवशी ते दहीभात जेवले.

मी त्यांना म्हटलं, बाबा, तुम्हीच करा ना. ते माझ्या किचनमध्ये आले. पांढऱ्या टाइल्स, चकचकीत ओटा, वर धूर ओढणारी चिमणी. सगळीकडे नजर फिरवून ते म्हणाले, 'गॅसवर कोंबडी? ते हाटेलवाल्याचं काम हाये.' मी म्हटलं, गॅलरीत शेगडी मांडू. ते परत खुर्चीत जाऊन बसले. आई गेल्यापासून त्यांनी चूल पेटवली नव्हती, हे मला ठाऊक होतं. पुढे मी विषय काढला नाही.

आणि मग एके दिवशी शाळा लवकर सुटली, मी कुलूप उघडून आत आले तर बाबा गॅलरीत फोनवर बोलत होते. पलीकडे गावातले त्यांचे सोबती असणार. 'आंगण झाडून घेत जा बाप्पा,' बाबा म्हणत होते. 'मी येतोच आता. नाही, इथी काही कमी नाही. पण राहाचं काही खरं नाही.' मी चपला हातात घेऊन तशीच पॅसेजमध्ये उभी राहिले. मला आधी राग आला. मग भीती वाटली. त्या घरात हा माणूस एकटा काय करणार? एका अर्ध्या पोळीवर किती दिवस काढणार? आई गेली तेव्हा मी जवळ नव्हते. बाबांच्या वेळी तरी तसं होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवून बसले होते. आता ते हातातून सुटत होते आणि मला त्यांना धरून ठेवायला काहीच सुचत नव्हतं.

सुचलं ते एवढंच, की कोंबडी आपण करायची. त्यांच्यासारखी. या घरात त्यांच्या अंगणाचा वास आला की त्यांचा पाय निघणार नाही, असा माझा हिशेब.

आता यात एक पुणेरी अडचण होती, बाबांना 'तुम्हीच करा' म्हणताना मी तिचा विचारच केला नव्हता. सासर माझं पेठेतलं. नवरा बाहेर सगळं खातो, अगदी नळी फोडून खातो, पण घरात अंडंसुद्धा शिजवायचं नाही असा अलिखित नियम होता. फ्लॅट आमचा, कर्ज आमचं, पण किचन सासूबाईंनी लावून दिलेलं. मी नवऱ्याला म्हटलं, तू विचार. तो म्हणाला, न विचारता करू या. मी म्हटलं, मला चोरून कोंबडी करायची नाही, माझा बाप आयुष्यभर भर अंगणात करत आलाय. तेव्हा त्याने फोन लावला आणि स्पीकरवर टाकून मान खाली घालून बसला.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'घर तुमचं, गॅस तुमचा. मला कशाला विचारता? एवढं विचारणारे असतात तर लग्न ठरवतानाच विचारलं असतं.' आणि फोन ठेवला. नवरा म्हणाला, झालं, नाही म्हणाली. मला मात्र ते हो वाटलं. दुसऱ्या दिवशी तो कामावरून येताना पेठेत डोकावून आला तर हातात जुन्या साडीत गुंडाळलेलं एक पातेलं. जाड बुडाचं, चांगलं मोठं, झाकणासकट. सोबत निरोप होता: 'माझ्या कुकरला हात लावायचा नाही. हे घ्या. आणि हे परत आणू नका.' इतकं चांगलं पातेलं मला माझ्या लग्नातही मिळालं नव्हतं.

रविवारी सकाळी बाबांना काही न सांगता मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. आयुष्यात पहिल्यांदा कोंबडी आणायला. गावात तेही बाबाच करायचे. दुकानदाराने विचारलं, कितीचं करू? मी तोऱ्यात सांगितलं, गावरान द्या. 'गावरान आज नाय ताई,' तो म्हणाला. 'आदल्या दिशी सांगाय लागतंय. बॉयलर हाय, ताजा हाय.' आमच्या घरी पोल्ट्रीतला बॉयलर कधी आला नव्हता. पण ठरलेला रविवार मोडायचा नव्हता. मी म्हटलं, द्या. कोंबडी ती कोंबडी.

वाटणाचं मला काही विचारायला लागत नव्हतं. तो आमचा प्रांत. कांदे थेट गॅसच्या जाळावर काळे होईपर्यंत भाजले, सुकं खोबरं भाजलं, खसखस, धणे, दगडफूल, लवंगा, मिरे, आईच्या हाताचा अंदाज आठवत आठवत. पाट्याऐवजी मिक्सर, त्याला इलाज नाही. गोळा ताटलीत काढला आणि सवयीने ती ताटली उचलून दाराशी न्यायला लागले. दोन पावलं गेल्यावर भानावर आले. उचलायला कुणी नव्हतं. पुढचं मलाच करायचं होतं, आणि पुढचं मी आजवर फक्त उंबऱ्याच्या आतून पाहिलं होतं.

फोडणीत मसाला पडला आणि वास सगळ्या घरभर झाला. चिमणीने हात टेकले. समोरच्या फ्लॅटचं दार उघडून बंद झालं. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही, पण पान उलटायचं थांबलं. मी आतून विचारलं, बाबा, पाणी आता घालू का?

'मले काय माहीत? तुयी भाजी हाये, तूच पाय.'

मला असा संताप आला! इतकं करायचं ते यांच्यासाठी, आणि हे पेपरातून तोंड वर काढायला तयार नाहीत. मी कढत पाणी ओतलं, झाकण ठेवलं, झाकणावर पाणी ठेवलं आणि आतल्या आत बडबडत भाकरीच्या पिठाला लागले.

एकदा मात्र ते आले. किचनच्या दारात उभे राहिले, आत पाऊल न टाकता. जाळ किती ते बघितलं, मला बघितलं. घामाने माझे केस कपाळाला चिकटले होते, हातभर पीठ होतं. काहीतरी सांगायचं होतं त्यांना, ओठ हललेसुद्धा. पण ते तसेच परत गेले.

आता शिजवायचं किती, तर आमच्या घरी घड्याळ बघून कोंबडी कधी शिजलीच नव्हती. आई भाकरीला बसली की बाबा झाकण ठेवायचे आणि पाहुण्यांसकट सगळ्या घराच्या भाकरी होऊन तवा उतरला की झाकण काढायचे. गावरान कोंबडा तेवढा वेळ मागतोच, तरी दाताला झुंजवतो. मी इमानाने तेच केलं. तिघांपुरत्या भाकरी लवकर झाल्या तेव्हा मला वाटलं, एवढ्यात कसं शिजेल? म्हणून कांदा चिरला, लिंबं कापली, ओटा पुसला, ताटं पुसली, आणि तरी थांबले. आईच्या वेळी जेवढा वेळ लागायचा तेवढा अंदाजाने जाऊ दिला. मग झाकण काढलं. वर तर्री आली होती, लालभडक, बोटभर जाड. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हुबेहूब तीच दिसत होती. मी पळी घातली आणि वर काढली तर पळीत नुसतं हाडूक. परत घातली, परत हाडूक. मांस सगळं रश्शात विरून गेलं होतं.

मी नवऱ्याला हाक मारली. त्याने वाकून बघितलं आणि विचारलं, 'यात कोंबडी घातली होतीस ना?' पुण्याचं पाणी, दुसरं काय. मी त्याला पळी दाखवली तेव्हा तो मुकाट्याने ताटं मांडायला गेला.

वाढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिघांची ताटं एकदमच वाढली, कारण उठबस करायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. बाबांनी वाटीत बोटं घातली, हाडूक उचललं, उलटसुलट करून बघितलं. माझ्याकडे बघितलं. 'काय वं माय,' ते म्हणाले, 'बॉयलर होता काय?'

मी मान डोलावली.

'त्याले गावरान कोंबड्यासारखं शिजवलं तू? ह्याचं तर भरीत करून ठेवलं!' आणि ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग खोकला आला, मग हसता हसता डोळे पुसायची वेळ आली. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. नवराही हसायला लागला, त्याचं नाक तर पहिल्याच घासाला वाहायला लागलं होतं. मी रडवेली होऊन बसले होते आणि मग मलाही हसू फुटलं.

भरीत झालं होतं खरं, पण रस्सा जमला होता. तिखट तेच, चव तीच. बाबांनी भाकर कुस्करली, त्यावर रस्सा ओतला, वरून कच्चा कांदा आणि लिंबू. मलाही तसंच कुस्करून हवं झालं. मी दुसरी भाकरी घेतली, मग तिसरी. हाडकांच्या फटीत अडकलेलं जे थोडं मांस होतं ते चोखून काढलं. कानातून धूर निघत होता, नाक वाहत होतं आणि मी जेवत होते. बाबांनी पळी घेऊन माझ्या ताटात वाढलं तेही मी नको म्हटलं नाही. तेही बरंच जेवले, म्हणजे मागून घेऊन जेवले. मी मनात म्हटलं, जिंकले. आता कुठे जातायत!

हात धुऊन आल्यावर ते खुर्चीत बसले, तंबाखूची डबी काढली आणि डबीकडेच बघत म्हणाले, 'परवाच्या गाडीचं तिकीट काढ.'

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. ते परत म्हणाले, 'आता मी जातो गावाले.'

मग माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. एवढं आठवतं, की मी म्हटलं, मी सासूशी वाद ओढवून घेतला, चार जिने मसाल्याने भरून टाकले, आयुष्यात कधी केलं नाही ते केलं, ते कशासाठी? तुम्ही चार घास जेवावेत म्हणून. इथं राहावं म्हणून. आणि तुम्ही पोटभर जेवून उठता आणि तिकीट मागता? तिथे आहे कोण? कोण तुम्हाला करून घालणार? अर्धी पोळी खाऊन मरायचंय का तिथे एकट्याने? नवरा मधे पडायला लागला, त्याला मी गप्प बस म्हटलं.

बाबांनी मला सगळं बोलू दिलं. वजनकाट्यावर गाडी चढली की काटा थांबेपर्यंत ते बोलत नसत, तसेच बसून राहिले. मग म्हणाले, 'भाकरी शेजारची वहिनी टाकून देते. भाजी मले येते. माह्या खाण्याची काळजी तुले कोणं सांगतली?'

'मग इथे का जेवत नव्हता?'

'तू जेवत होती काय?'

मी ताटं उचलायला लागले.

'तुयी आई गेली तवापासून पाहून राहिलो,' ते म्हणाले. 'मले वाढते, माह्याकडे पाहत बसते. बस जेवाले म्हटलं का म्हणते, नंतर. मंग ओट्यापाशी उभं राहून दोन घास. कधी तेही नाही. पोर उपाशी समोर बसली तर बापाच्या घशाखाली कसं उतरन?' त्यांनी डबी उघडून परत मिटली. 'मी काय इथी राहाले आलो होतो? मले वाटे, हिचं बरं झालं का जाऊ. रोज वाटे, आज जेवन, उद्या जेवन. आज जेवली तू. तीन भाकरी जेवली. नाक पुसत पुसत जेवली.'

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान वळवली. म्हणजे त्यालाही दिसत होतं. मला एकटीला दिसत नव्हतं. इतके दिवस मी बाबांच्या ताटातली अर्धी पोळी मोजत बसले होते आणि ते माझ्या ताटावर नजर ठेवून बसले होते. त्यांना मी धरून ठेवलंय असं मला वाटत होतं, आणि ते आपलं घर, आपलं अंगण सोडून त्या गॅलरीत बसून राहिले होते ते मी भरपेट जेवेन म्हणून. मी जमिनीवर बसले, त्यांच्या गुडघ्याला डोकं लावलं आणि आई गेल्यावर जे रडायचं राहून गेलं होतं ते रडले. बाबांना असल्या वेळी काय करायचं ते कधीच कळलं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला. त्या हाताला अजून मसाल्याचा वास येत होता.

थोड्या वेळाने ते म्हणाले, 'खिडकीपाशी जागा भेटते काय पाय.'

मी डोळे पुसले, फोन घेतला आणि त्यांचं तिकीट काढलं.